आधी रात्र ठरवा, मग बाहुल्या बाहेर काढा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावच्या तरुण मंडळाने विचारलंय: "पिंगुळीचा बाहुल्यांचा उत्सव कोणी सुरू केला, तो एवढा कसा वाढला? आम्हाला आमच्या देवळाच्या आवारात दोन दिवसांचा महोत्सव भरवायचा आहे. सुरुवात कुठून करू?"

मी सव्वीस वर्षं बाहुल्या नाचवते आणि शिकवते. त्यातली अकरा वर्षं तळकोकणातल्या एका लहान गावात दर हिवाळ्यात बाहुल्यांच्या रात्री भरवण्यात गेली. त्या गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे तिथल्या फजितीही येणार आहेत.

आधी तुमच्या प्रश्नातली एक गाठ सोडवते. पिंगुळीत कोणी एके दिवशी नारळ फोडून महोत्सव सुरू केला असं झालेलं नाही. सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यातल्या या गावात, विशेषतः गुढीपूर भागात, ठाकर समाजाची घरं आहेत. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगणं) या तिन्ही कला या घरांनी सांभाळल्या. पण खेळ व्हायचे ते बहुतेक गावाबाहेर. सावंतवाडी संस्थानच्या काळापासून नवरात्रात देवळांमध्ये ठाकरांनी कथा सांगायची, आणि कोणत्या घराने कोणत्या देवळात जायचं हे वाटून दिलेलं. एकाच्या देवळात दुसऱ्याने जायचं नाही. देवळाच्या बाजूने पाहिलं तर ती सेवा होती, घराच्या बाजूने पाहिलं तर तो मान होता आणि वर्षाच्या धान्याची थोडी सोयही होती. कलाकार राजासाठी हेरगिरीही करत, असंही पिंगुळीत ऐकायला मिळतं. गावोगाव फिरणारा, रात्रभर जागणारा आणि ज्याच्याकडे कोणी संशयाने बघत नाही असा माणूस, त्यामुळे ही गोष्ट लोकांना पटते एवढं खरं.

म्हणजे रात्र आधीपासून होती, जागा होती, आणि कलाकाराची वाट बघणारं गावही होतं. बाहुल्या त्या रात्रीत येऊन बसल्या. आजचे आयोजक नेमकं उलटं करतात. बाहुल्यावाल्यांचा फोन नंबर मिळवतात आणि मग त्यांच्यासाठी तारीख शोधत बसतात. मी सुरुवातीला अशीच उत्साहात होते. तेव्हा पिंगुळीतल्या ज्या जाणत्यांकडे मी दोन हिवाळे शिकायला जात होते, त्यांनी सुतळी वळता वळता मला सुनावलं होतं, "गो बाय, आधी रात कोणाची ता ठरव. बावले मगे भायर काड."

त्या देवळातल्या रात्री खेळ कसा चालायचा ते थोडं सांगते, म्हणजे तुम्हाला मंच केवढा लागतो याचा अंदाज येईल. चित्रकथीच्या एका आख्यानाची एक पोथी असते. सुट्टी चित्रं, फूट-सव्वा फुटाची, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एकेक चित्र समोर उभं धरतो, गाऊन आणि बोलून कथा पुढे नेतो, आणि साथीला वीणा, टाळ आणि हुडूक नावाचं छोटं चर्मवाद्य. बघणारे तीन-चार हातांवर बसलेले. कळसूत्री बाहुल्या लाकडाच्या, हात-दीड हात उंचीच्या, काळ्या दोऱ्यांवर चालणाऱ्या. सुरुवातीला गणपती येतो, सरस्वती येते. दशावतार, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, बघून वाढलेल्या माणसाला हा क्रम सांगावा लागत नाही. चामड्याच्या बाहुलीला तर पडदा, दिवा आणि अंधार एवढंच हवं. चामडं घासून इतकं पातळ केलेलं असतं की दिव्यापुढे धरलं की त्यातला लाल आणि काळा रंग पडद्यावर उमटतो, आणि टोच्याने पाडलेल्या भोकांमधून दागिने चमकतात. पहिल्यांदा पडद्यामागे बसले तेव्हा रावणाची दहा तोंडं हातात असूनही मी पडद्याच्या फटीतून समोरच्या बायकांची तोंडं बघत बसले होते. मागून टपली बसली.

ही सगळी कला जवळून बघायची आहे, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

मग मोडलं काय? १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली आणि वाटून दिलेल्या देवळांमागचा राजाश्रय गेला. देवळं राहिली, नवरात्र राहिलं, पण 'अमुक घराने यायलाच हवं' ही सक्ती सैल झाली. तंबूतले सिनेमे आले, पुढे टीव्ही आला. दशावतार टिकला, कारण त्याची गाठ जत्रेशी पक्की होती. त्रिपुरी पौर्णिमेनंतर सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि आजही दशावतारी मंडळी एका गावातून दुसऱ्या गावात रोज रात्री खेळ लावत फिरतात. बाहुलीला असा हंगाम उरला नाही. लोकांना कला नकोशी झाली, असं माझं निरीक्षण नाही. तिची रात्र हरवली.

पिंगुळीला नवं वळण मिळालं ते वेगळ्या वाटेने. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कुडाळवरून जाणारी कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. २००६ मध्ये परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, 'ठाकर आदिवासी कला आंगण'. जुन्या पोथ्या, बाहुल्या आणि वाद्यं तिथे मांडली आणि येणाऱ्यांना खेळ दाखवायला सुरुवात केली. मोठी सरकारी इमारत नव्हे, गोठा. माझ्या मते त्या घरापुरता सगळा इतिहास या एका गोष्टीत उलटला. पूर्वी बाहुली बघणाऱ्याच्या गावी जायची, आता बघणारा बाहुलीच्या अंगणात येऊ लागला. शाळांच्या सहली, गोव्याकडे जाता जाता थांबणारी कुटुंबं, अभ्यासक. २०२१ च्या यादीत गंगावणे यांना पद्मश्री मिळाली आणि मग मुंबई-पुण्याच्या माणसांना पिंगुळी नकाशावर शोधाविशी वाटली. गावात हे काम करणारी इतरही घरं आहेत. एका घराचं नाव झालं की बाकीची झाकली जातात. तुम्ही कलाकार बोलवाल तेव्हा चौकशी जरा खोलात करा.

याच २०२१ च्या यादीत केरळचे रामचंद्र पुलवर होते, तेही पद्मश्री आणि तेही चामड्याच्या बाहुल्यांचे. त्यांच्याकडचं उदाहरण तुमच्या मंडळाने डोळ्यासमोर ठेवावं, पिंगुळीपेक्षाही जास्त. पालक्काड, त्रिशूर आणि मलप्पुरम या भागातल्या भद्रकालीच्या देवळांमध्ये तोलपावकूत्तु, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, होतो. देवळासमोर त्यासाठी कायमचं बांधलेलं लांबट घर असतं, कूत्तुमाडम. समोर लांबच्या लांब पडदा आणि मागे एका ओळीत एकवीस दिवे, नारळाच्या करवंट्यांमध्ये खोबरेल घालून लावलेले. आख्यान कंब रामायणाचं, म्हणजे तमिळ रामायणाचं. कुठे सात रात्री, कुठे चौदा, कुठे एकवीस, काही ठिकाणी एक्केचाळीस, आणि सर्वांत लांब एकाहत्तर. यामागची कथा मला फार आवडते. रामाने रावणाला मारलं तेव्हा भद्रकाली दारिकासुराशी लढत होती, त्यामुळे तिला ते युद्ध बघता आलं नाही. म्हणून दरवर्षी तिच्यासमोर ते सावल्यांमध्ये पुन्हा लढायचं.

ही कथा श्रद्धेची म्हणून बाजूला ठेवली तरी तिच्यात व्यवस्थापनाची एक मोठी गोष्ट आहे. प्रेक्षक देवी आहे. पहाटे तीन वाजता समोरच्या अंगणात एकही माणूस नसला, एखादं कुत्रं झोपलेलं असलं, तरी खेळ थांबत नाही, कारण जिच्यासाठी खेळ आहे ती समोर बसलेली आहे. गर्दीवर अवलंबून नसलेला उत्सव गर्दी आटली म्हणून बंद पडत नाही. पुढे रामचंद्र यांचे वडील कृष्णन्‌कुट्टी पुलवर यांनी हा खेळ देवळाबाहेर काढला आणि कित्येक रात्रींचं आख्यान तासाभराच्या प्रयोगात बसवलं, त्यामुळे तो जगभर गेला. अलीकडे त्यांच्या घरातल्या बायकाही पडद्यामागे आल्या आणि स्त्रियांचा स्वतंत्र संच उभा राहिला. पण देवळातल्या रात्री त्यांनी सोडल्या नाहीत. बाहेरचा तासाभराचा खेळ पैसा आणतो, देवळातली लांब रात्र शिकवते. नवा मुलगा तासाभराच्या प्रयोगात फार तर बाहुली धरायला शिकेल. ओव्या पाठ होतात त्या लांब रात्रीच.

बायकांचा विषय निघाला म्हणून व्हिएतनामची एक गोष्ट. तिथे उत्तरेकडे लाल नदीच्या खोऱ्यात भातखाचरांच्या मुलखात बाहुल्या पाण्यावर नाचतात. खेळवणारे कमरेएवढ्या पाण्यात पडद्यामागे उभे राहून लांब बांबूंनी त्या चालवतात. ११२१ सालच्या एका शिलालेखात या खेळाचं वर्णन आहे, म्हणजे परंपरा नऊशे वर्षांहून जुनी. प्रत्येक गावाची मंडळी वेगळी, आणि आपल्या बाहुलीची कळ दुसऱ्या गावाला कळू द्यायची नाही म्हणून शपथा घेतलेल्या. मुलींना शिकवायचं नाही, का तर ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तर कळही सोबत जाईल! गुपितामुळे खेळाला झळाळी राहिली आणि त्याच गुपितामुळे कितीतरी कळा म्हाताऱ्यांबरोबर गेल्या. तुमच्या मंडळात मुली असतील तर त्यांना पहिल्या दिवसापासून दोरी हातात द्या. तिकिटं फाडायला आणि रांगोळीला बसवू नका.

युरोपात याच्या उलट, अशी गावं आहेत जिथे उत्सव खरोखर ठरवून सुरू झाला. फ्रान्समधल्या शार्लव्हिल-मेझिएर या शहरात झाक फेलिक्स नावाच्या हौशी बाहुलीकाराने १९६१ मध्ये महोत्सव सुरू केला. पुढे तो बराच काळ दर तीन वर्षांनी भरायचा, २००९ पासून दर दोन वर्षांनी भरतो. १९८७ मध्ये तिथे बाहुलीनाट्याची राष्ट्रीय शाळा निघाली. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: दरवर्षी करण्याचा हट्ट धरला नाही. दम लागतो तेवढं अंतर ठेवलं.

आपल्याकडे 'बाहुल्या' म्हटलं की लोकांना अर्धवटराव आठवतात. ती पाध्ये घराण्याची बोलक्या बाहुल्यांची कला, शब्दभ्रमाची. तिचा आब मोठा, पण पोत वेगळा. पिंगुळीची बाहुली गाते, भांडते, पण तुमच्याशी विनोद करत नाही. जाहिरातीत हा फरक स्पष्ट करा, नाहीतर मुलं हसायला येतील आणि सीताहरण बघून गप्प बसतील. आणि हो, कोणी 'हा मुलांचा खेळ' म्हणून नाक मुरडलं तर त्याला सांगा की १८४३ मध्ये सांगलीत मराठी नाटक उभं करणारे विष्णुदास भावे स्वतः कळसूत्री बाहुल्या बनवायचे.

आता आमची फजिती.

पहिल्या वर्षी आम्ही शाळेच्या मैदानावर तीस फुटी मंच बांधला. मंडपवाल्याने हौसेने हॅलोजन लावले. पाचशे खुर्च्या. उद्‌घाटन साडेसहाचं, पाहुणे पावणेआठला आले, मग सत्कार, शाल-श्रीफळ, भाषणं. पहिली बाहुली बाहेर आली तेव्हा साडेनऊ झाले होते आणि दहाव्या रांगेच्या मागे बसलेल्यांना ती काडेपेटीएवढी दिसत होती. चामड्याच्या खेळाचं तर विचारूच नका. समोरून हॅलोजन चालू, मागे पणती, पडद्यावर काहीच उमटेना. "दिवे घालवा" म्हणून ओरडले तर वायरमन जेवायला गेलेला. त्यात खाडीकडून वारा सुटला, पडदा शिडासारखा फुगला आणि हनुमान हवेत राहिला. मागच्या रांगा उठून वडापावच्या गाडीकडे गेल्या. कलाकारांनी निमूट खेळ पूर्ण केला. निघताना त्यातला एक जण एवढंच म्हणाला, "दिवो इजलो काय खेळ सोपलो. तुमचो दिवो इजलोच नाय." (दिवा विझला की खेळ संपला. तुमचा दिवा विझलाच नाही.)

दुसऱ्या वर्षी देवळाचा सभामंडप घेतला. तीन बाजूंनी कठडा, वर कौलं, वारा अडलेला. सव्वाशे माणसं दाटीवाटीने, पुढे मुलं जमिनीवर. भाषण नाही, पुजाऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवाला विनवणी केली, आणि दिवा लावला. एकच रात्र. त्या रात्रीच्या तेलाचा खर्च गावातल्या एका आजींनी मागून घेतला, मुलगा नोकरीला लागला म्हणून. पुढच्या वर्षी आणखी दोन घरं पुढे आली: एकाला तेल नाही मिळालं म्हणून त्याने कलाकारांचं जेवण घेतलं, दुसऱ्याने पडदा. तिथून गोष्ट आमच्या हातातून सुटली आणि गावाच्या हातात गेली. तेलासाठी आता पाळी लागते. अकराव्या वर्षी आमच्या चार रात्री होतात आणि गर्दी तेवढीच, सव्वाशे-दीडशे. आम्ही माणसं वाढवली नाहीत, रात्री वाढवल्या. 'उत्सव वाढला' असं म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यासमोर मोठं मैदान असतं. बाहुलीच्या बाबतीत मोठं मैदान म्हणजे लहान बाहुली.

तारखेचं गणित असं. पावसाळ्यात नको, चामडं दमट हवेत वाकतं आणि बुरशी धरतं. दिवाळीनंतर दशावताराचा हंगाम, त्यामुळे शेजारच्या गावांच्या जत्रा आधी लिहून काढा आणि त्या रात्री सोडून द्या. दशावताराशी स्पर्धा करून कोकणात कोणी जिंकलेलं नाही. उरलेल्या तारखांमधून चामड्याच्या खेळासाठी कृष्णपक्ष निवडा. उघड्या आवारात चांदणं पडद्याचा जीव काढतं. कळसूत्रीला आणि चित्रकथीला चांदण्याने काही बिघडत नाही, ते संध्याकाळी दिवेलागणीलाही होतात. आमच्या गावातल्या बायकांना संध्याकाळचीच वेळ सोयीची पडली, म्हणून चित्रकथी साडेसहाला असते आणि सावल्यांचा खेळ जेवणानंतर.

कलाकारांशी बोलताना 'वीस मिनिटांचा आयटम द्या' असं म्हणू नका. आख्यान किती वेळाचं आहे ते त्यांना विचारा आणि कार्यक्रम त्याभोवती बसवा. बिदागी आधी ठरवा, निम्मी आधी पोहोचवा, येण्याजाण्याची गाडी तुमची. 'तुम्हाला व्यासपीठ मिळतंय' हे वाक्य तर मनातही आणू नका. त्यांच्या बाहुल्यांचे फोटो बघून तुमच्या मुलांनी पुठ्ठ्याच्या नकला करून विकायला ठेवू नयेत. हे मी एका ठिकाणी पाहिलंय, आणि त्या कलाकारांना काय वाटलं ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मुलांना बाहुल्या करायच्याच असतील तर आपल्या गावच्या गोष्टी घ्या. आमच्या मुलांनी गावच्या ओढ्यातल्या मगरीची गोष्ट केली. मोज्याची मगर, तिला बटणांचे डोळे. ती दरवर्षी मुख्य खेळाच्या आधी दहा मिनिटं येते आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर टाळ्या तिलाच जास्त पडतात.

दिव्याबद्दल लोक फार विचारतात. तेलाच्या ज्योतीची सावली थरथरते, बाहुली श्वास घेते असं वाटतं. एलईडीच्या पट्टीतून एकाच बाहुलीच्या चार-पाच सावल्या एकमेकींवर पडतात आणि कडा धुरकट होतात. आग लागण्याच्या भीतीने देवस्थान समिती तेलाला नाही म्हणाली, तर छोटा पिवळा बल्ब एकच, पडद्यापासून दोन-अडीच हात मागे आणि खेळणाऱ्याच्या डोक्याच्या वर टांगा. बाहुली पडद्याला टेकवून धरली की कड धारदार येते, मागे ओढली की मोठी आणि पुसट होते. राक्षस आणायला ही युक्ती वापरतात. पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट मात्र पडद्यामागे दोन्ही कोपऱ्यांत ठेवाच, तेल असो वा बल्ब.

पहिल्या वर्षी दोन दिवस करू नका. एक रात्र, एक संच, एक आख्यान. सभामंडपाच्या खांबांमधलं अंतर मोजून कलाकारांना आधी कळवा, कारण पडदा त्यावर ठरतो. पडदा साध्या मांजरपाटाचा घ्या, टेरिकॉटचा नको, त्यावर उजेडाचा पांढरा ठिपका चमकतो. नव्या कापडाला खळ असते. दोनदा धुवा, इस्त्री करू नका, ओला असतानाच चारी बाजूंनी ताणून बांधा आणि तसाच वाळू द्या.